रस्त्याच्या कडेची फुकट जागा
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक छोटी कागदी पावती येते. माझे वडील (त्यांना आम्ही आप्पा म्हणतो) बाजारातल्या एका रस्त्यावर भाजीची लोटगाडी लावतात. ही पावती त्या जागेच्या फीची असते. आई त्या सगळ्या पावत्या तारेला ओवून ठेवते. लहानपणी मला ती तार म्हणजे एक खेळणे वाटे. अर्थशास्त्र हा विषय घेतल्यावर कळले की ते आमच्या घराचे भाडेखाते आहे. रस्त्याच्या कडेची जवळपास चाळीस चौरस फूट जागा आप्पा रोज भाड्याने घेतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गाडीवर मदतीला होतो. शेजारच्या दुकानासमोर सकाळी साडेदहाला एक चारचाकी उभी राहिली, ती रात्री दुकान बंद होईपर्यंत हलली नाही. तिच्याकडे पावती मागायला कोणी आले नाही. दुपारी दुसरी चारचाकी आली. तिला जागा नव्हती. तेव्हा दुकानातला मुलगा येऊन म्हणाला, "काका, गाडी जरा पुढे घ्या ना." आप्पा एवढेच म्हणाले, "मन्हाजोडे पावती शे." पण गाडी त्यांनी पुढे नेलीच. पुढे उन्हात गिऱ्हाईक थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

त्या बाजाराचे नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रसंग कोणत्याही गावच्या बाजारात घडू शकतो. मात्र त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. रस्ता सर्वांचा आहे. मग त्यावर चाळीस चौरस फूट जागा वापरणारा भाडे देतो आणि त्याच्या तिप्पट जागा वापरणारा काही देत नाही, असे का? या प्रश्नाचा जमेल तसा अभ्यास करून जे हाती लागले, ते या लेखात मांडत आहे.

पैसे देऊन गाडी ठेवणे नवे नाही

'पे अँड पार्क' म्हटले की लोक दचकतात. काहीतरी पुण्या-मुंबईचे खूळ आपल्या माथी मारले जात आहे, असे त्यांना वाटते. वस्तुतः आपल्याकडे ही पद्धत जुनीच आहे. रेल्वे स्टेशन, बसस्थानक, सिनेमागृह, दवाखाना अशा ठिकाणी सायकल स्टँड असे. सायकल आत लावायची, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि परत येताना बिल्ला देऊन सायकल सोडवायची. त्या काळी सायकल ही गरिबाची वाहतूक होती, तरीही तो पैसे देई आणि त्यात त्याला अन्याय वाटत नसे. सायकल सुरक्षित राहते, जागा हमखास मिळते आणि दर फलकावर लिहिलेला असतो, एवढे त्याला पुरे होते.

म्हणजे स्टँडवर सायकलवाल्याने पैसे दिले, पण भर बाजारात मोटार लावणाऱ्याने द्यावेत असे आपल्याला वाटले नाही. स्टँडच्या जागेला मालक होता, म्हणून तिला किंमत होती. रस्त्याचे मालक आपण सर्व, म्हणून त्याला किंमत नाही, असा हा विचित्र न्याय झाला.

खानदेशातील दोन शहरे

२०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. दोन्ही नगरपालिकांच्या २००३ साली महानगरपालिका झाल्या. नाव महानगर असले, तरी बाजारपेठा जुन्याच मापाच्या आहेत.

धुळ्याची गोष्ट पाहण्यासारखी आहे. इंग्रजांच्या हाती खानदेश आल्यावर १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठिकाण केले आणि येथे नवी पेठ आखली. धुळ्यातल्या सरळ गल्ल्या आणि त्यांना नावांऐवजी दिलेले आकडे यांचे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. ही आखणी बैलगाड्या, घोडी आणि पायी चालणारी माणसे यांच्यासाठी होती, आणि त्या काळाच्या मानाने ती ऐसपैसच होती. मुंबई-आग्रा हा मोठा रस्ता गावातून जाई. पुढे वाहतूक बाहेरून वळवली गेली आणि गावातला आग्रा रोड ही बाजारपेठ होऊन बसली. आज आग्रा रोडवर आणि पाच कंदील भागात खरेदीला जाणाऱ्याला सामान शोधण्याआधी गाडी लावायला जागा शोधावी लागते.

जळगावचा उत्कर्ष रेल्वेने आणि कापसाने झाला. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला मागणी आली आणि हे गाव व्यापाराचे केंद्र बनले. आज सराफ बाजार, दाणा बाजार, सुभाष चौक, नवी पेठ, फुले मार्केट, गोलाणी मार्केट ही सारी ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. सोने घेणारा, धान्य घेणारा, मोबाइल दुरुस्त करणारा, लग्नाचा बस्ता बांधणारा, सर्वांच्या गाड्या या एवढ्याशा वर्तुळात येतात. त्यात तालुक्याच्या गावांतून दुचाकीवर येणारे निराळेच. रस्ते वाढत नाहीत, वाहने मात्र वाढत राहतात.

या दोन्ही बाजारांत मी वही घेऊन उभा राहिलो. दोन्हीकडे एकच क्रम दिसला. सकाळी दुकाने उघडताना प्रथम दुकानमालकांच्या आणि नोकरांच्या गाड्या येतात आणि सर्वांत सोयीची, म्हणजे दुकानाच्या अगदी समोरची जागा घेतात. गिऱ्हाईक अकरानंतर येते. त्याला कडेला जागा मिळत नाही, म्हणून ते पुढे दुसरी रांग लावते. मग रस्त्यात जेमतेम एक रिक्षा जाईल एवढीच वाट उरते. दोष दुसऱ्या रांगेतल्या गिऱ्हाइकाला दिला जातो. पण कोंडी पहिल्या रांगेने केलेली असते.

जागेचे अर्थशास्त्र

एक चारचाकी उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. दुचाकीला दोन चौरस मीटर पुरतात. तेव्हा एका चारचाकीच्या जागेत सहा दुचाकी किंवा तीन लोटगाड्या मावतात. बाजारातल्या एवढ्याच गाळ्याचे भाडे काय असते, ते व्यापाऱ्यांना विचारून पाहावे. त्याच गाळ्यासमोरची तेवढीच जागा मात्र फुकट आहे.

एखादी वस्तू दुर्मिळ असून फुकट वाटली तर काय होते, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. मागणी पुरवठ्याच्या पुढे जाते आणि रांग लागते. किंमत पैशात द्यावी लागत नाही, ती वेळात द्यावी लागते. जागा शोधत चार फेऱ्या मारणाऱ्याचे पेट्रोल, कोंडीत अडकलेल्या रिक्षावाल्याचा धंदा, खोळंबलेली रुग्णवाहिका ही त्या 'फुकट' जागेचीच किंमत आहे. ती गाडी लावणारा भरत नाही, इतर भरतात.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका गल्लीत ४० दुचाकींची जागा आहे आणि बाजार सकाळी १० ते रात्री ८ असा दहा तास चालतो. त्यांपैकी ३० जागा दुकानांतल्याच माणसांनी दिवसभर अडवल्या, तर गिऱ्हाइकांना १० उरल्या. प्रत्येक गिऱ्हाईक अर्धा तास थांबले, तर एका जागेत दिवसात २० जण येऊ शकतात. म्हणजे १० जागांत जास्तीत जास्त २०० गिऱ्हाइके. त्याच ३० गाड्या थोड्या दूरच्या मैदानात ठेवल्या, तर ४० जागांत ८०० गिऱ्हाइकांची सोय होते. गल्ली तेवढीच राहिली, एक वीटही बांधावी लागली नाही, तरी सोय चौपट झाली. वाहनतळाचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच. जागा वाढवण्याआधी असलेली जागा फिरती ठेवली पाहिजे.

इतरांचा अनुभव

हा शोध माझा नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात १९३५ साली नेमकी हीच अडचण होती. बाजारात काम करणारे लोक सकाळी येऊन दिवसभर गाड्या लावत आणि गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. कार्ल मॅगी या वृत्तपत्राच्या संपादकाच्या पुढाकाराने जुलै १९३५ मध्ये तेथे जगातले पहिले पार्किंग मीटर बसले. एका तासाला पाच सेंट, म्हणजे त्यांचे लहानसे नाणे. लोकांनी आरडाओरड केली, पण जागा मिळू लागल्या आणि पुढे ही यंत्रे गावोगाव पसरली.

दर किती असावा याचे उत्तर डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकांनी सोपे करून सांगितले. त्यांचे या विषयावरचे मोठे पुस्तक २००५ साली आले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे असे की, रस्त्यावरच्या दर सात-आठ जागांपैकी एखादी जागा नेहमी रिकामी सापडावी, एवढाच दर ठेवावा. सगळ्या जागा भरलेल्या राहत असतील तर दर कमी आहे, आणि बऱ्याच जागा ओस पडत असतील तर तो जास्त आहे. म्हणजे गल्ल्यात किती रक्कम जमली यावर दर ठरवायचा नाही, रस्त्यात किती जागा मोकळी आहे ते पाहून ठरवायचा. आपल्या खानदेशात याचा अर्थ असा की, दिवाळीत आणि लग्नसराईत सराफ बाजारातला दर चढा हवा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पैसे घेण्यात काही हशील नाही.

शूप यांचा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या रस्त्यावर पैसे जमतील, ते त्याच रस्त्यावर खर्च व्हावेत. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गावाच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ साली मीटर बसवताना व्यापाऱ्यांचा विरोध होता. उत्पन्न याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर आणि स्वच्छतेवर खर्च करायचे ठरले, तेव्हा तो विरोध मावळला. दिलेला पैसा डोळ्यांना दिसला की माणूस कुरकुर करीत नाही.

आपल्या राज्यातले अनुभव मात्र सावध करणारे आहेत. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, पण विरोध एवढा झाला की ते पाचच रस्त्यांपुरते मर्यादित करावे लागले आणि तेथेही ते रखडले. मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा लावलेल्या गाड्यांना पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड सुरू झाला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. एकीकडे दर घ्यायला धजायचे नाही आणि दुसरीकडे एकदम दंडाचा बडगा उगारायचा, अशी ही दोन टोके आहेत. लहान आणि नियमित दर हा मधला मार्ग आहे.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही असाच विचार आहे. शहरातील जमीन मोलाची आहे, तेव्हा पार्किंगचा दर त्या मोलाला साजेसा असावा आणि पायी चालणारे, सायकलवाले व सार्वजनिक वाहतूक यांना प्राधान्य मिळावे, असे ते सांगते. अधिकाराचा प्रश्नही अवघड नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे, राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने वाहने उभी करण्याच्या जागा आणि कालमर्यादा ठरवू शकते. म्हणजे पोलीस आणि पालिका यांनी एकत्र बसायचे आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

माझा अनुभव तोकडा आहे, तरी काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. कोणत्या रस्त्यावर किती जागा आहेत आणि कोणती गाडी किती वेळ थांबते, हे कळल्याशिवाय दर ठरवता येत नाही. हे काम आपल्यासारख्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना एका आठवड्यात करता येईल.

दुसरी, दराची पायरी. दुचाकीला पहिला अर्धा तास काही घेऊ नये. औषध घ्यायला किंवा दळण टाकायला आलेल्याला त्रास होता कामा नये. त्यानंतर तासाला पैसे घ्यावेत आणि तिसऱ्या तासापासून दर वाढत जावा. सायकलला काहीच आकारू नये. चारचाकी सहा दुचाकींची जागा घेते, तेव्हा तिचा दर त्या मापाने असावा. बाजारापासून थोड्या दूरच्या मैदानात दिवसभराचा दर अगदी कमी ठेवावा, म्हणजे दुकानदार आणि नोकर आपण होऊन तेथे जातील. अरुंद गल्ल्यांत सम तारखेला एक बाजू आणि विषम तारखेला दुसरी, हा जुना नियमही नीट पाळला तर पुष्कळ काम होते.

तिसरी, ठेक्याची पद्धत. आपल्याकडे स्टँडचा ठेका बहुधा ठोक रकमेला देतात. ठेकेदार ठरलेली रक्कम भरतो आणि वरची वसुली त्याची. मग जास्तीत जास्त गाड्या कोंबणे आणि पावती न देता पैसे घेणे यातच त्याचे हित असते. जागा मोकळी राहावी यात नसते. शिवाय किती गाड्या आल्या हे पालिकेला कधीच कळत नाही. त्याऐवजी वसुली थेट पालिकेच्या खात्यात जावी आणि सांभाळणाऱ्याला ठरलेला मोबदला मिळावा. महिला बचत गटांना हे काम देता येईल. पावती यंत्रातून निघावी, दर मोठ्या फलकावर मराठीत असावा आणि पैसे रोख किंवा मोबाइलवरून, कसेही देता यावेत.

चौथी गोष्ट, बहुमजली वाहनतळ बांधण्याची घाई करू नये. खाली रस्त्यावर फुकट मिळत असताना पैसे देऊन वरच्या मजल्यावर कोण जाईल? करोडो रुपयांची इमारत ओस पडेल. आधी रस्त्यावर दर हवा, इमारतीचा विचार त्यानंतर. त्याआधीही व्यापारी संकुलांच्या तळघरांकडे पाहावे. बांधकामाच्या नियमांनुसार तेथे गाड्यांसाठी जागा सोडावी लागते, पण नकाशातले वाहनतळ पुढे गोदाम किंवा दुकान होते, ही सर्वच शहरांतली तक्रार आहे. ती जागा गाड्यांना परत मिळाली, तर नवे बांधकाम पुष्कळ टळेल.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्त्याच्या कडेचा नकाशा एकच असावा. आज गाड्यांचा विचार एक विभाग करतो आणि फेरीवाल्यांचा दुसरा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना प्रमाणपत्र, ठरलेली जागा आणि नगर पथविक्रेता समितीत प्रतिनिधित्व दिले आहे. त्या समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेते असावेत असे कायदा सांगतो. मग ज्या कागदावर गाड्यांचे पट्टे आखायचे, त्याच कागदावर लोटगाड्यांचे पट्टे का आखू नयेत? जागा किती आणि वेळ किती, या एकाच मापाने दोघांचे भाडे ठरावे.

दोन आक्षेप

व्यापारी म्हणतील, पैसे लावले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पण आज जे गिऱ्हाईक जागा न मिळाल्याने परत जाते, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाच-दहा रुपयांसाठी कोणी सोन्याची खरेदी रद्द करीत नाही, कोंडीला कंटाळून मात्र करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेड्यातून जुन्या दुचाकीवर येणाऱ्या शेतकऱ्याने पैसे का द्यावेत? मी स्वतः खेड्यातला आहे आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा हा प्रश्न मला परका नाही. म्हणूनच पहिला अर्धा तास मोफत, सायकल मोफत आणि दूरच्या मैदानात नाममात्र दर असे मी वर सुचवले. पण गरिबाचे नाव पुढे करून चारचाकीची जागा फुकट ठेवणे, हा गरिबाचा कैवार नव्हे. रस्ता मोकळा झाला तर आधी पायी चालणाऱ्याचे, बसने येणाऱ्याचे आणि रिक्षावाल्याचे भले होते, आणि बाजारात अशांचीच संख्या जास्त असते.

समारोप

हा लेख लिहिताना मी आप्पांना विचारले, "गाड्यांनाही पावती लावली तर बरे होईल का?" ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, पावती कोणाला लावावी हे मोठ्या माणसांनी ठरवावे. पण ज्याने पावती फाडली, त्याला त्या दिवसापुरते कोणी 'पुढे हो' म्हणू नये.

मला वाटते, साऱ्या विषयाचे सार यातच आले. दर घेणे म्हणजे केवळ तिजोरी भरणे नव्हे. ज्याने जागेचे मोल दिले, त्याला ठरल्या वेळेपुरता तिच्यावर हक्क मिळतो आणि वेळ संपली की ती जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. हा नियम लोटगाडीला लागू आहे. तो मोटारीलाही लागू झाला, तर रस्ता सर्वांचा आहे या म्हणण्याला काही अर्थ येईल. आपल्यापैकी काहीजण उद्या पालिकेत, पोलीस खात्यात किंवा व्यापारात असतील. तेव्हा आईच्या तारेवरच्या या पावत्यांची त्यांनी आठवण ठेवावी, एवढीच विनंती.